दुसऱ्याच्या ओंजळीने किती दिवस?

पाऊणशे वर्षांहून अधिक काळ युरोपने आपल्या संरक्षणाची काळजी अमेरिकेवर सोपवली. नाटोच्या घरात भांडणे पूर्वीही झाली, पण आता वाद पैशांपुरता उरलेला नाही. दिलेला शब्द पाळला जाईल की नाही, हाच प्रश्न उभा राहिला आहे.

डेन्मार्क हा उत्तर युरोपातला लहानसा, सुखवस्तू देश. ईस्टरनंतरच्या चौथ्या शुक्रवारी तिथे 'महाप्रार्थना दिन' पाळला जाई. १६८६ पासून चालत आलेली ही सुट्टी. आदल्या संध्याकाळी घरोघरी गव्हाचे गरम पाव लोणी लावून खाण्याची पद्धत. फेब्रुवारी २०२३ मध्ये डॅनिश संसदेने ही सुट्टीच रद्द केली आणि २०२४ पासून तो दिवस कामाचा झाला. कारण काय? लोकांनी वर्षातून एक दिवस जास्त काम केले, तर सरकारच्या तिजोरीत जास्त कर जमा होईल आणि तो पैसा संरक्षणाकडे वळवता येईल. कामगार संघटनांनी मोर्चे काढले, धर्मगुरूंनी नाराजी व्यक्त केली. पण सरकार बधले नाही.

सणाची सुट्टी मोडून तोफांची तजवीज करण्याची वेळ या शांत देशावर का यावी? पहिले कारण उघड आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चाल केली आणि युरोपात पुन्हा मोठे युद्ध होणार नाही, हा समज धुळीला मिळाला. दुसरे कारण मात्र बोलायला अवघड आहे. संकट आले तर अमेरिका धावून येईलच, अशी खात्री युरोपला आता वाटत नाही.

बारा देशांचा शब्द

४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बारा देशांनी उत्तर अटलांटिक करारावर सह्या केल्या. अमेरिका आणि कॅनडा अटलांटिक महासागराच्या पलीकडचे. बाकीचे दहा युरोपातले. दुसऱ्या महायुद्धाने युरोप पार खिळखिळा झाला होता आणि पूर्व युरोपात सोव्हिएत फौजा ठाण मांडून बसल्या होत्या. या करारातून जी संघटना उभी राहिली, तीच नाटो.

नाटोचे पहिले सरचिटणीस होते लॉर्ड इस्मे. त्यांचा जन्म १८८७ सालचा, आपल्या नैनितालचा. हिंदुस्थानी फौजेच्या घोडदळात त्यांनी उमेदवारी केली, महायुद्धात ते चर्चिल यांचे लष्करी सल्लागार होते आणि १९४७ मध्ये माउंटबॅटन यांचे चीफ ऑफ स्टाफ म्हणून दिल्लीत आले होते. नाटो कशासाठी, या प्रश्नाचे एक मार्मिक उत्तर त्यांच्या नावावर सांगितले जाते: रशियनांना बाहेर ठेवायचे, अमेरिकनांना आत ठेवायचे आणि जर्मनांना खाली ठेवायचे.

या कराराचा प्राण म्हणजे पाचवे कलम. एका सदस्यावर झालेला सशस्त्र हल्ला हा सर्वांवरचा हल्ला मानला जाईल, असे ते सांगते. पण हे कलम नीट वाचले तर एक गोष्ट ध्यानात येते. हल्ला झाल्यावर प्रत्येक देश 'स्वतःला आवश्यक वाटेल ती' कृती करील, आणि तीत लष्करी बळाचा वापरही येऊ शकतो, इतकेच त्यात म्हटले आहे. कोणी किती फौज पाठवायची, किती दिवसांत पाठवायची, याचा त्यात शब्दही नाही. म्हणजे कागद आहे, सह्या आहेत. पण ऐनवेळी काय होईल ते त्या त्या देशाच्या मनावर.

गोव्याच्या वेळी काय झाले?

हे आपल्यालाही एकदा जवळून पाहायला मिळाले आहे. पोर्तुगाल हा नाटोच्या मूळ बारा सदस्यांपैकी एक. गोवा, दमण, दीव या आमच्या वसाहती नसून आमचे प्रांतच आहेत, असा हेका पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांनी धरला होता. १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या संयुक्त पत्रकात 'प्रांत' हाच शब्द आला, तेव्हा भारतात संतापाची लाट उसळली. नाटो पोर्तुगालच्या पाठीशी उभी राहील की काय, अशी चर्चा तेव्हा होती.

प्रत्यक्षात डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना गोव्यात शिरली आणि साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता दोन दिवसांत संपली. नाटोचा एकही सैनिक आला नाही. कराराच्या सहाव्या कलमाने संरक्षणाचे क्षेत्र युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील अटलांटिक परिसर एवढेच आखून दिले होते. गोवा त्यात कुठेच बसत नव्हता. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान या चार नाटो देशांनी सुरक्षा समितीत भारताविरुद्ध ठराव मांडला. सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरून तो पाडला. पोर्तुगालच्या पदरात मित्रांची भाषणे तेवढी पडली.

भांडणे नवी नाहीत

घरोघरी मातीच्या चुली, तसे नाटोच्या घरातही पहिल्यापासून खटके उडत आले आहेत. १९५६ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने इस्राएलच्या साथीने सुवेझ कालव्यासाठी इजिप्तवर हल्ला केला. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर इतके संतापले, की त्यांनी ब्रिटनची आर्थिक कोंडी केली आणि दोन्ही जुन्या साम्राज्यांना माघार घ्यायला लावली.

फ्रान्सने तो अपमान विसरला नाही. रशियाने अमेरिकेवर अणुबॉम्ब टाकण्याची धमकी दिली, तर पॅरिस वाचवण्यासाठी अमेरिका न्यूयॉर्कचा बळी देईल काय, असा थेट प्रश्न फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६१ मध्ये केनेडींना विचारला होता. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, म्हणून त्यांनी आपले स्वतंत्र अण्वस्त्रदल वाढवले. १९६६ मध्ये त्यांनी फ्रान्सला नाटोच्या संयुक्त लष्करी रचनेतून बाहेर काढले आणि परदेशी फौजांना आपला मुलूख सोडायला सांगितले. नाटोचे मुख्यालय पॅरिसहून ब्रुसेल्सला हलले. फ्रान्स त्या रचनेत परतला तो थेट २००९ मध्ये.

१९७४ मध्ये सायप्रसच्या प्रश्नावरून ग्रीस आणि तुर्कस्तान हे दोन सदस्यच एकमेकांसमोर उभे ठाकले. २००३ मध्ये इराक युद्धाला फ्रान्स आणि जर्मनीने कडाडून विरोध केला, तेव्हा अमेरिकन संसदेच्या उपाहारगृहात 'फ्रेंच फ्राइज'चे नाव बदलून 'फ्रीडम फ्राइज' करण्यात आले. बटाट्याच्या तळलेल्या कापांवर राग निघाला, पण करार शाबूत राहिला. या सर्व भांडणांत एक गोष्ट कोणी उच्चारली नव्हती: 'तुमच्यावर हल्ला झाला तर आम्ही येऊच असे नाही.'

एकदाच आलेली हाक

पाचवे कलम आजवर एकदाच लागू झाले, आणि तेही अमेरिकेसाठी. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी हा निर्णय झाला. नाटोची टेहळणी विमाने अमेरिकेच्या आकाशात गस्त घालू लागली. पुढे अफगाणिस्तानात युरोपीय फौजा वर्षानुवर्षे लढल्या. साठ लाखांच्या डेन्मार्कने तिथे चाळीसहून अधिक सैनिक गमावले. लोकसंख्येच्या मानाने हा आकडा फार मोठा होता. आम्ही हाकेला धावून गेलो होतो, ही भावना म्हणूनच तिथल्या घराघरांत आहे आणि म्हणूनच आजचा घाव अधिक झोंबतो.

हिशेबाची बाजू

अमेरिकेची तक्रार मात्र अगदीच निराधार नाही. युरोपने स्वतःच्या संरक्षणावर पुरेसा खर्च करावा, असे तिथले नेते कित्येक दशके सांगत आले आहेत. १९७१ मध्ये सिनेटर मॅन्सफिल्ड यांनी युरोपातील अमेरिकन फौज निम्म्यावर आणण्याचा प्रस्ताव मांडला होता. तो फेटाळला गेला. २०११ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी ब्रुसेल्समध्ये स्पष्ट बजावले, की हे असेच चालले तर नाटोचे भवितव्य अंधारात आहे. त्या वर्षी लिबियावरील मोहिमेत काही आठवड्यांतच अनेक युरोपीय देशांचा दारूगोळा कमी पडू लागला होता.

२०१४ मध्ये रशियाने क्रिमिया गिळंकृत केल्यावर वेल्स येथील परिषदेत ठरले, की प्रत्येक देशाने दहा वर्षांत आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्के रक्कम संरक्षणावर खर्च करण्याचे उद्दिष्ट ठेवावे. ही काही नाटोच्या तिजोरीत भरायची वर्गणी नव्हे. आपापल्या सैन्यावर करायचा खर्च आहे. त्या वेळी अमेरिका, ब्रिटन आणि ग्रीस हे तीनच देश हे माप पुरे करत होते. शीतयुद्ध संपल्यावर युरोपने फौजा कमी केल्या, तोच पैसा दवाखाने, शाळा आणि निवृत्तिवेतनाकडे वळवला. लोक सुखी झाले, पण सुरक्षेचे पाणी ते दुसऱ्याच्या ओंजळीने पीत राहिले.

शंकेचे बीज

डोनाल्ड ट्रम्प यांनी ही जुनी तक्रार वेगळ्याच सुरात मांडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका प्रचारसभेत ते म्हणाले, की जे देश पुरेसा पैसा खर्च करणार नाहीत त्यांचे आपण रक्षण करणार नाही. उलट रशियाला हवे ते करू द्यायला उत्तेजन देऊ. ते दुसऱ्यांदा अध्यक्ष झाल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचे संरक्षणमंत्री हेगसेथ यांनी ब्रुसेल्समध्ये सांगितले, की युरोपच्या संरक्षणाची मुख्य जबाबदारी युरोपनेच उचलावी. त्याच महिन्याच्या अखेरीस व्हाइट हाउसमध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांच्याशी कॅमेऱ्यांसमोर खडाजंगी झाली आणि मार्चच्या सुरुवातीला युक्रेनची लष्करी मदत व गुप्त माहिती काही दिवस रोखली गेली.

जून २०२५ मध्ये हेग येथे परिषद झाली. तिकडे जाताना विमानातच पत्रकारांनी पाचव्या कलमाबद्दल विचारले, तेव्हा त्याच्या अनेक व्याख्या आहेत, असे उत्तर ट्रम्प यांनी दिले. परिषदेच्या जाहीरनाम्यात पाचव्या कलमावरची निष्ठा सर्वांनी पुन्हा व्यक्त केली हे खरे. पण तोवर शंकेचे बीज पडून गेले होते.

मग आला ग्रीनलंडचा प्रश्न. हे प्रचंड बेट डेन्मार्कच्या राज्याचा स्वायत्त भाग आहे. १९५१ च्या करारानुसार अमेरिकेचा लष्करी तळही तिथे आहे. तरीही हे बेट अमेरिकेच्या ताब्यात यावे, असा ट्रम्प यांचा आग्रह. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी बळाचा वापर करणार नाही, असे सांगायलाही त्यांनी नकार दिला. वर्षभराने, जानेवारी २०२६ मध्ये, या प्रश्नावर डेन्मार्क आणि त्याच्या बाजूने उभे राहिलेले देश अशा एकूण आठ युरोपीय देशांवर आयात कर लादण्याची धमकी त्यांनी दिली. काही दिवसांतच ती मागे घेतली गेली आणि बळ वापरणार नाही असेही त्यांनी सांगितले. पण ज्याच्या भरवशावर दार उघडे ठेवले, त्यानेच घरातल्या एका खोलीवर हक्क सांगावा, असा हा प्रकार होता. नाटोच्या करारात बाहेरच्या शत्रूचा विचार आहे. मित्राकडूनच असा प्रसंग आला तर काय करायचे, याचा नाही.

अमेरिकेवाचून काय अडते?

'मग युरोपने स्वतःच्या पायावर उभे राहावे,' असे म्हणणे सोपे आहे. युरोपकडे पैसा आहे, माणसे आहेत, कारखाने आहेत. अडते कुठे?

अडते ते सहसा नजरेला न दिसणाऱ्या गोष्टींवर. शत्रूच्या हालचाली टिपणारे उपग्रह, उडत्या विमानात इंधन भरणारी टँकर विमाने, रणगाडे नि फौजा दूरवर नेणारी अवजड मालवाहू विमाने, क्षेपणास्त्रे आकाशातच पाडणारी पॅट्रियटसारखी यंत्रणा, आणि तीस-बत्तीस देशांच्या सैन्याला एका सुरात चालवणारी संचालन व्यवस्था. यांतला फार मोठा वाटा अमेरिकेचा आहे. युरोपातील नाटोचे सर्वोच्च सेनापतिपदही पहिले सेनापती आयसेनहॉवर यांच्यापासून अमेरिकन अधिकाऱ्याकडेच राहिले. अशा गोष्टी बाजारातून उद्या उचलून आणता येत नाहीत. त्या उभारायला आणि चालवणारी माणसे तयार करायला दहा-दहा वर्षे लागतात.

त्यात अण्वस्त्रांचा प्रश्न सर्वांत नाजूक. ब्रिटन आणि फ्रान्स या दोघांकडे मिळून सुमारे ५०० अण्वस्त्रे; रशियाकडे हजारो. मार्च २०२५ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रों यांनी फ्रेंच अण्वस्त्रांचे छत्र युरोपातील मित्रांवर धरता येईल काय, यावर चर्चा सुरू करण्याची तयारी दाखवली. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने आपल्या अण्वस्त्रदलांत समन्वय राखण्याचे जाहीर केले. पण द गॉल यांनी केनेडींना विचारलेला प्रश्न आता फ्रान्सलाच विचारला जाईल: व्हिल्नियस वाचवण्यासाठी पॅरिसचा बळी देणार काय?

घरात शिरलेली तयारी

पैशांची तजवीज सुरू झाली आहे. २०२४ मध्ये ३२ पैकी २३ देश २ टक्क्यांचे माप गाठतील असा नाटोचा अंदाज होता; पोलंड तर ४ टक्क्यांच्या पुढे गेला. हेग परिषदेत नवे उद्दिष्ट ठरले, २०३५ पर्यंत ५ टक्के. त्यातले साडेतीन टक्के प्रत्यक्ष सैन्यावर आणि दीड टक्का पूल, रस्ते, संगणक सुरक्षा यांसारख्या पूरक कामांवर. स्पेनचे पंतप्रधान सांचेझ यांनी मात्र हे आपल्याला जमणार नाही, आपल्या समाजकल्याण योजनांना ते परवडणारे नाही, असे स्वच्छ सांगितले. कर्ज काढायला सदैव नाखूष असलेल्या जर्मनीने मार्च २०२५ मध्ये संरक्षण खर्चासाठी राज्यघटनेतील कर्जमर्यादा सैल केली.

आता लिथुआनियाकडे पाहा. या देशाने महायुद्धात जर्मन टाचेखाली भयंकर दिवस पाहिले. त्याच लिथुआनियात जर्मनीची एक ब्रिगेड कायमची मुक्कामाला जात आहे. महायुद्धानंतर जर्मनीने परदेशात कायमची ब्रिगेड ठेवण्याची ही पहिलीच वेळ. २०२७ पर्यंत तिथे सुमारे पाच हजार माणसे ठेवण्याची योजना आहे. मे २०२५ मध्ये राजधानी व्हिल्नियसमध्ये तिचे समारंभाने स्वागत झाले. जर्मनांना खाली ठेवायचे, असे सांगणाऱ्या इस्मेंना हे दृश्य कसे वाटले असते?

ही तयारी आता स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये स्वीडनने पन्नास लाख घरांत एक पुस्तिका पाठवली. संकट किंवा युद्ध आले तर घरात किती पाणी साठवावे, कोणते टिकाऊ अन्न ठेवावे, वीज गेली तर ऊब कशी राखावी, हे तीत सांगितले आहे. दोनशे वर्षे कोणत्याही युद्धात न पडलेला हा देश मार्च २०२४ मध्ये नाटोत आला. त्याच्या आधी वर्षभर आलेल्या फिनलंडची रशियाशी १,३०० किलोमीटरहून लांब सीमा आहे. तिथे पन्नास हजारांहून अधिक निवारे असून ५६ लाखांच्या देशात ४८ लाख लोकांची त्यांत सोय होते. एरवी यांतल्या काही निवाऱ्यांत मुले पोहायला आणि खेळायला जातात.

लिथुआनिया, स्वीडन, लाटविया या देशांनी बंद केलेली सक्तीची लष्करी सेवा पुन्हा सुरू केली. डेन्मार्कमध्ये १ जुलै २०२५ नंतर अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलींनाही मुलांप्रमाणेच लष्करी सेवेच्या सोडतीत उतरावे लागते. आईबापांच्या पिढीने ज्या काळजीतून सुटका झाली असे मानले, ती मुलींच्या वाट्याला आली आहे.

पुढे काय?

अमेरिका उद्या नाटोतून बाहेर पडेल काय? तेराव्या कलमानुसार एक वर्षाची सूचना देऊन कोणताही देश बाहेर पडू शकतो. मात्र सिनेटच्या दोन तृतीयांश संमतीवाचून किंवा संसदेच्या कायद्यावाचून अध्यक्षांना असे करता येणार नाही, अशी तरतूद अमेरिकन संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये केली आहे. शिवाय युरोपातील तळ अमेरिकेच्याही सोयीचे आहेत. तेव्हा करार फाडला जाण्याची शक्यता कमीच.

पण करार फाडण्याची गरजच नसते. शत्रूच्या मनात 'हे येणार नाहीत' अशी शंका आली, की कराराचा धाक संपतो. याचे उदाहरण आपल्या शेजारीच घडले. पाकिस्तान १९५४ मध्ये सीटो आणि १९५५ मध्ये बगदाद करार, म्हणजे पुढचा सेंटो, अशा दोन पाश्चात्त्य लष्करी करारांत सामील झाला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत त्यांतले एकही सैन्य त्याच्या बाजूने लढायला उतरले नाही. पुढे १९७७ आणि १९७९ मध्ये दोन्ही संघटना गुंडाळल्या गेल्या. नाटो त्यांच्यापेक्षा कितीतरी मजबूत आहे, तिची मुळे खोल आहेत. तरी धडा तोच आहे.

युरोपपुढची खरी अडचण वेळेची आहे. विश्वास डळमळायला एक वाक्य पुरते. त्याची भरपाई करणारे सैन्य उभारायला दहा वर्षे लागतात. २०३५ पर्यंतची ही मधली वर्षेच धोक्याची आहेत. या काळात अमेरिकेला दुखवायचे नाही आणि तिच्यावर विसंबूनही राहायचे नाही, अशी तारेवरची कसरत युरोपला करावी लागणार आहे.

ही कसरत सर्वांत जवळून पाहतात ती एस्टोनियातील नार्वा या सीमेवरच्या गावातली माणसे. एस्टोनियाची लोकसंख्या चौदा लाखांच्याही आत, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील नाशिक शहरापेक्षा कमी. गावाच्या कडेने नदी वाहते. अलीकडच्या काठावर एक किल्ला, पलीकडच्या काठावर रशियाचा दुसरा. मध्ये एक पूल. वॉशिंग्टनमध्ये १९४९ साली दिलेला शब्द किती पक्का आहे, याचे उत्तर कधीकाळी द्यावेच लागले तर ते अशाच एखाद्या पुलावर द्यावे लागेल. तशी वेळ न येऊ देणे, हेच त्या कराराचे खरे काम आहे.